बारभाई

बारभाई : नारायणराव पेशव्यांच्या वधानंतर (३० ऑगस्ट १७७३) पेशवेपदाचा वारस आधी जन्मायचा असताना आणि नंतर तान्हा असताना ज्या कारभाऱ्यांनी व सरदारांनी मिळून त्याच्या वतीने मराठी राज्याचा कारभार चालवला, त्यांच्या मंडळाला पडलेले नाव. काळ स्थूलमानाने १७७४ ते १७७९. ‘बारभाईंचे कारस्थान’ हा शब्दप्रयोग याच प्रकरणावरून रूढ आहे. आज ‘कारस्थान’ म्हटले की कट डोळ्यांपुढे येतो. जुन्या मराठीत मात्र मसलत, राजकारणातली योजना, कारभारातले कसब हे अर्थही त्यात होते. जुन्या अर्थाने वाचल्यास या शब्दप्रयोगातील निंदेचा सूर बराच ओसरतो.

राज्याचे नामधारी धनी साताऱ्याचे छत्रपती होते. पण शाहू महाराजांच्या मृत्यूनंतर (१७४९) सत्तेचे केंद्र पुण्यास आले, आणि पेशवा नसणे म्हणजे राज्याला डोके नसणे अशी व्यवहारातली स्थिती झाली. बारभाईंनी जी जागा भरली ती या अर्थाने राज्यप्रमुखाची होती.

पूर्वपीठिका

धनी जागेवर नसताना अनेकांनी मिळून राज्य सांभाळण्याची चाल मराठ्यांना नवी नव्हती. शिवाजी महाराज १६६६ मध्ये आग्र्यास गेले तेव्हा मागे जिजाबाईंच्या देखरेखीखाली मोरोपंत पिंगळे प्रभृतींनी कारभार पाहिला. राजाराम महाराज १६८९ मध्ये जिंजीस गेले आणि १६९८ पर्यंत महाराष्ट्रात आले नाहीत. या काळात रामचंद्रपंत अमात्य यांना ‘हुकुमतपन्हा’ हा किताब व विस्तृत अधिकार होते. शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक हे मुत्सद्दी आणि संताजी घोरपडे, धनाजी जाधव हे सेनानी त्यांच्या जोडीने राज्य लढवीत होते. मात्र या दोन्ही वेळी राजा हयात होता, त्याने जाताना अधिकार वाटून दिले होते आणि पत्र पाठवून त्याची आज्ञा आणवता येत होती. १७७४ मध्ये यांतले काहीच नव्हते. ज्याच्या नावाने कारभार करायचा तो अजून जगात आलेला नव्हता, आणि त्या पदाची वस्त्रे दुसऱ्याच्या अंगावर होती. बारभाईंचे वेगळेपण इथे आहे.

मंडळाची घडण

भाद्रपद शुद्ध १३, शके १६९५, सोमवारी ऐन गणेशोत्सवात गारद्यांनी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून केला. ऑक्टोबर १७७३ मध्ये त्यांचे चुलते रघुनाथराव यांनी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे मिळवली. रामशास्त्री प्रभुणे यांनी खुनाची चौकशी करून रघुनाथरावांवर दोष ठेवला आणि ते पुण्यातून निघून गेले. रघुनाथराव मोहिमेवर बाहेर पडले. त्यांच्या छावणीतून जुने कारभारी एकेक करून काही ना काही निमित्ताने माघारी येऊ लागले.

नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर आहेत हे दरम्यान उघड झाले होते. जानेवारी १७७४ मध्ये त्यांना पुण्याहून पुरंदर किल्ल्यावर हलवण्यात आले. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई त्यांच्याबरोबर होत्या. या हालचालीची नेमकी तारीख निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळी दिली आहे, आणि तसे होण्याला कारण आहे. तेव्हाच्या पत्रांत इसवी सन नसतोच. बहुधा ‘छ’ या अक्षराने सुरू होणारी मुसलमानी चांद्रमासाची तारीख असते आणि अरबी शब्दांत लिहिलेले सुहूर सन असते. १७७३-७४ चे सन ‘अर्बा सबैन मया व अलफ’, म्हणजे ११७४. हे सन मृगाला पालटते, शालिवाहन शक गुढीपाडव्याला, आणि मुसलमानी तारीख सूर्यास्ताला. त्यामुळे नारायणरावांचा खून आणि त्यांच्या मुलाचा जन्म एकाच सुहूर सनात पण दोन वेगळ्या शकांत पडतात. पुष्कळ पत्रांवर तर तारीख असते आणि सन नसते, ते मजकुरावरून ठरवावे लागते. या प्रकरणातील तारखांत दिसणारे बरेच फरक अशा हिशेबातून आलेले असावेत. म्हणून इथे ‘जानेवारी’ एवढेच म्हणणे सुरक्षित वाटते.

पुरंदरची निवड नीट विचार करून केलेली दिसते. किल्ला पुण्याच्या आग्नेयेस, एका मजलेत पोचण्याजोगा, बळकट आणि पेशव्यांच्या विश्वासातल्या मुलखातला होता. सखारामबापू बोकील यांचे हिवरे गावही याच परिसरात. गंगाबाईंच्या नावाने हुकूम सुटू लागले, रघुनाथरावांचा अंमल नाकारण्यात आला आणि हैदराबादचा निजाम अली व नागपूरचे साबाजी भोसले यांच्याशी सूत जमवण्यात आले. बारभाईंचा आरंभ या क्षणापासून धरण्याचा प्रघात आहे.

संख्या व नाव

बारभाई म्हणजे बारा जण असे सर्रास सांगितले जाते आणि त्यांची यादीही दिली जाते. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, त्रिंबकरावमामा पेठे, हरिपंत फडके, मोरोबा फडणीस, बाबूजी नाईक, महादजी शिंदे, तुकोजी होळकर, प्रतिनिधी, रास्ते, मालोजी घोरपडे आणि फलटणकर अशी ही नावे. संख्या बरोबर बारा भरते. पण यादी तपासू लागले की ती सैल पडते.

त्रिंबकरावमामा मार्च १७७४ मध्येच गेले, म्हणजे पेशव्याच्या जन्माआधी. महादजी आणि तुकोजी त्या सुमारास निश्चितपणे कोणत्याच बाजूला नव्हते. रघुनाथराव माळव्यात उतरले तेव्हा त्यांच्याशीही दोघांचे बोलणे चालू होते, आणि ते कारभाऱ्यांच्या पक्षाला पुरते मिळाले ते नंतर. मग मामा, महादजी आणि तुकोजी एका मसलतीत एकत्र बसले असा एकही दिवस दाखवता येणे कठीण आहे. यादीतील काही नावे व्यक्तींची आहेत तर काही घराण्यांची, हेही ध्यानात घ्यावे. ती त्या वेळी कोणी लिहून ठेवलेली सभासदांची पट्टी नसून मागाहून जुळवलेली असावी आणि ‘बारा’ हा आकडा आधी ठरून नावे नंतर बसवली गेली असावीत, असे मानण्याकडे कल होतो.

भाषेचा पुरावाही त्याच दिशेला जातो. मराठीत बारा ही पुष्कळदा मोजलेली संख्या नसते. बारा भानगडी, बारा वाटा, बारा गावचे पाणी यांत ‘नाना तऱ्हेचे, पुष्कळ’ एवढाच भाव असतो. बारा बलुतेदारांच्या याद्याही गावोगाव जुळत नाहीत. समासात बाराचे ‘बार’ होते, जसे बारमाही. ‘भाई’ हे रूप भाईबंद या शब्दात आहेच. तेव्हा बारभाई म्हणजे निरनिराळ्या घरांतून येऊन एका कामात भागीदार झालेली माणसे, हा अर्थ सरळ लागतो.

‘बारभाईची खेती, काय लागेल हाती’ ही म्हण या मंडळावरून निघाली, की आधीच असलेल्या म्हणीवरून मंडळाला नाव पडले, हा प्रश्न मात्र अवघड आहे. पहिल्या मताप्रमाणे कारभाऱ्यांच्या आपसातल्या बेबनावाने लोक विटले आणि म्हण झाली. दुसऱ्या मताप्रमाणे अनेक भागीदारांनी कसलेल्या जमिनीची ही म्हण शेतकऱ्यांच्या तोंडी आधीपासून होती आणि विरोधकांनी हिणवण्यासाठी ती कारभाऱ्यांना लावली. म्हणीत फौज, दौलत, मसनद यांपैकी कशाचाच उल्लेख नाही. आहे तो शेतीचा आणि हाती लागणाऱ्या पिकाचा. त्यामुळे दुसरे मत अधिक स्वाभाविक वाटते. तसे असेल तर शत्रूने दिलेले नाव इतिहासात कायम झाले आणि त्याच्याबरोबर गोंधळाचा शिक्काही या मंडळावर बसला. तो शिक्का अन्यायाचा आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

वारसाचा वाद

कारभाऱ्यांची सगळी बाजू एका अर्भकावर तोललेली होती. कायद्याने पाहता तीत दोन वेगळे प्रश्न गुंतले होते. वडिलांच्या मृत्यूच्या वेळी गर्भात असलेल्या मुलाला पित्याच्या मालमत्तेत हक्क असतो हे धर्मशास्त्राला मान्य होते. पण पेशवेपद ही वाटणीची मालमत्ता नव्हती. ते छत्रपतींनी वस्त्रे देऊन सोपवायचे पद होते, आणि ती वस्त्रे रघुनाथरावांना रीतसर मिळालेली होती. दुसऱ्या बाजूला, १७१३ पासून हे पद बाळाजी विश्वनाथांच्या घराण्यातच राहिले होते. १७६१ मध्ये तर नानासाहेबांचे भाऊ रघुनाथराव हयात असताना वस्त्रे सोळा वर्षांच्या माधवरावांना मिळाली होती. हा दाखला कारभाऱ्यांच्या फार उपयोगी पडणारा होता. चुलत्यापेक्षा मुलाचा हक्क मोठा, हे एकदा ठरून गेले होते.

१८ एप्रिल १७७४ रोजी, वैशाख शुद्ध ७, सोमवारी, पुरंदरावर मुलगा झाला. हेच सवाई माधवराव. चाळिसाव्या दिवशी, २८ मे रोजी, साताऱ्याच्या रामराजे छत्रपतींकडून आलेली पेशवाईची वस्त्रे त्या बाळाला देण्यात आली. आता रघुनाथरावांची बाजू कायद्यानेही लंगडी झाली. त्यामुळे उरलेला वाद मुलाच्या खरेपणावर येऊन ठेपला. गंगाबाईंबरोबर आणखी काही गरोदर ब्राह्मण स्त्रियांना गडावर ठेवले होते, म्हणजे मुलगी झाल्यास अदलाबदल करता यावी, अशी कथा ग्रँट डफने दिली आहे आणि नंतरच्या अनेकांनी ती उचलली आहे. अशी वदंता त्या वेळी होती हे खरे मानता येईल. ती पसरण्यात कोणाचा फायदा होता हेही स्पष्ट आहे. तारखांचा हिशेब मात्र कथेला काहीच बळ देत नाही. खून आणि जन्म यांत २३१ दिवसांचे अंतर आहे, म्हणजे साडेसात महिन्यांहून थोडे अधिक. पूर्ण दिवसांचे मूल धरले तर गर्भधारणा जुलै १७७३ च्या अखेरीस येते, जेव्हा नारायणराव पुण्यात पेशवे होते. अदलाबदलीचा संशय अशा हिशेबाने खोडता येत नाही हे कबूल, पण त्याला आधार देणारा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. इंग्रजांनीही १७७६ च्या पुरंदरच्या तहात याच मुलाच्या कारभाऱ्यांशी करार केला.

कारभाराची पद्धत

बारभाई हा हुद्दा नव्हता. त्याची सनद नव्हती, शिक्का नव्हता, बैठकीचा दिवस ठरलेला नव्हता. सभासद होण्याची किंवा काढण्याची रीत नव्हती. सखारामबापू वयाने व अनुभवाने वडील, म्हणून मुख्य कारभारी. जमाखर्च आणि दफ्तर नानांच्या हाती. फौज आधी मामांकडे आणि मग हरिपंत फडक्यांकडे. मोठ्या गोष्टींत बापू आणि नाना या दोघांचे एकमत लागे. लोकांत प्रसिद्ध असलेल्या साडेतीन शहाण्यांत बापू पूर्ण शहाणे आणि नाना अर्धे, कारण नाना तलवारीचे नव्हते. मंडळ टिकले ते या दोन स्वभावांच्या जोडीवर.

प्रत्यक्षात हे कसे चाले ते पत्राच्या कागदावर दिसते. वर ‘श्री’. खाली ज्याला पत्र जायचे त्या सरदाराचे नाव, ‘राजश्री अमुक गोसावी यांसि’. मग ‘अखंडितलक्ष्मी अलंकृत राजमान्य’. मग ‘स्नेहांकित माधवराव नारायण प्रधान आशीर्वाद विनंति उपरी’. पेशव्याने मराठा सरदाराला आशीर्वाद लिहायचा ही चाल. त्याप्रमाणे पानिपत पाहिलेल्या, पायाने अधू झालेल्या शिंद्यांना पाळण्यातले मूल आशीर्वाद देते. मजकूर कारभाऱ्यांनी ठरवलेला, अक्षर कारकुनाचे, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ आणि लेखनसीमेचे मोर्तब. पत्रात बारभाई हा शब्द येत नाही. तो यावा असा तिथे कोणाचा हेतूच नव्हता. हुकूम पेशव्याचा असतो, कारभारी तो पोचवतात, ही भूमिका शेवटपर्यंत सोडली गेली नाही, आणि तीमुळेच एकमेकांच्या बरोबरीचे सरदार तो हुकूम मानू शकले. शिंद्यांनी नानांचा हुकूम मानणे मानाला धक्का देणारे होते. माधवराव नारायणांचा मानण्यात कमीपणा नव्हता.

पुढच्या काळातल्या राज्यघटनांनी हीच गरज लिहून भागवली आहे. आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेत अनुच्छेद १४ प्रमाणे राष्ट्राध्यक्ष नसताना तिघांचा आयोग त्यांचे काम करतो. सरन्यायाधीश आणि संसदेच्या दोन सभागृहांचे अध्यक्ष हे त्याचे सदस्य, आणि कोणतेही दोघे असले तरी काम चालते. भारताने मंडळाऐवजी व्यक्ती पसंत केली. राष्ट्रपतींच्या जागी उपराष्ट्रपती येतात. १९६९ मध्ये झाकिर हुसेन यांचे निधन आणि नंतर गिरी यांचा राजीनामा यांमुळे दोन्ही पदे रिकामी झाली तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी २० जुलै ते २४ ऑगस्ट हे काम पाहिले.

युद्ध व तह

२६ मार्च १७७४ रोजी पंढरपूरजवळ कासेगाव येथे रघुनाथरावांनी मामांचा पराभव केला. मित्रफौजा पुरत्या एकवटण्यापूर्वीच गाठ पडली. मामा जखमी होऊन कैद झाले आणि लवकरच वारले. मंडळाच्या दृष्टीने ही सर्वांत कठीण घडी. रघुनाथराव तिथून सरळ पुरंदरावर चालून आले असते तर पुढचे सर्वच अनिश्चित होते. ते बऱ्हाणपूरच्या वाटेने उत्तरेकडे वळले, हरिपंतांच्या फौजेने पाठ सोडली नाही, आणि ते शेवटी गुजरातेत गेले. मार्च १७७५ मध्ये त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. १८ मे रोजी अडास येथे कर्नल कीटिंग आणि हरिपंत यांची लढाई झाली. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने मुंबईकरांचा तह रद्द ठरवून कर्नल अप्टन यास पाठवले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहावी, त्यांना १२ लाख रुपये मिळावेत, रघुनाथरावांनी दरमहा २५ हजारांची नेमणूक घेऊन कोपरगावी राहावे, ही त्यातली मुख्य कलमे. ती पुरती अमलात आली नाहीत. तरीही दोन वर्षांच्या पेशव्याच्या नावाने एका मंडळाने इंग्रजांशी बरोबरीने बोलणे केले, याचे महत्त्व कमी होत नाही.

त्याच वर्षी सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने कोकणात बंड केले. तेही मोडण्यात आले. गोंधळ हे ज्या कारभाराचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते त्याने दोन-तीन वर्षांत गादीवरचा दावेदार बाहेर घालवला, दोन वैरी शेजारी काही काळ आपल्याकडे वळवले, तोतया संपवला आणि परकी सत्तेशी तह केला. म्हणीच्या आधारे या मंडळाची किंमत ठरवणाऱ्यांनी हा ताळेबंद एकदा मांडून पाहावा. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ खंड निघाले, त्यांतील या काळाची पत्रे वाचताना दिसते ते रोजच्या रोज माणसे, दाणा-वैरण आणि पैसा यांची जुळवाजुळव करणारे शांत डोक्याचे काम.

अखेर

मंडळाचा शेवट कोणी जाहीर केला नाही. जुलै १७७७ मध्ये गंगाबाई वारल्या आणि डिसेंबरात रामराजे छत्रपती निवर्तले. साताऱ्यास दत्तक शाहू महाराज आले. मार्च १७७८ मध्ये मोरोबा फडणीस यांनी नानांविरुद्ध उठाव करून काही महिने पुण्याचा ताबा घेतला. महादजी नानांच्या बाजूने उभे राहिल्यावर मोरोबा पकडले गेले. बापूंचे अंग त्यात कितपत होते, यावर एकवाक्यता नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना शरण यावे लागले. त्यानंतर रघुनाथरावांशी बापूंचे संधान असल्याचे कागद सापडले असे सांगून त्यांना कैद करण्यात आले. तेव्हापासून कारभार नानांचा एकट्याचा आणि बाहेरचे राजकारण महादजींशी मिळून, अशी स्थिती आली. सालबाईचा तह (१७८२) या दोघांच्या काळातला, बारभाईंचा नव्हे.

बापूंना सिंहगड, प्रतापगड आणि शेवटी रायगड अशा किल्ल्यांवर ठेवले होते. रायगडावर ते १७८१ मध्ये वारले.